लाइक येतात, चौकशी होते, पण ऑर्डर येत नाही: बोलणं कुठे तुटतंय ते कसं शोधायचं

मसाले, पापड, दिवाळीचा फराळ, आंब्याच्या पेट्या, साड्या, हातानं केलेले दागिने. असा व्यवसाय फोनवरून चालवणाऱ्या ताई-दादांची इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची खाती मी सतत बघत असते. तक्रार बहुतेकांची एकच असते: "रोज टाकते, लोक बघतात, पण पुढे काही होत नाही." आणि बहुतेकांना वाटतं की दोष अल्गोरिदमचा आहे, किंवा आता जाहिरातीला पैसे घातल्याशिवाय गत्यंतर नाही.

माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा ग्राहक येऊन बोललेला असतो आणि बोलणं मध्येच तुटलेलं असतं. ते कुठे तुटलं हे तुमच्या फोनमध्येच दिसतं आणि दुरुस्तीला सहसा एक रुपयाही लागत नाही. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या कामापासून सुरू होतात. क्रम मोडू नका. वरची पायरी चुकलेली असेल तर खालच्या पायरीवर घातलेले कष्ट वाया जातात.

लक्षणं

यातलं कोणतं तुमचं आहे ते आधी ओळखा.

- पोस्टला लाइक आणि बदाम येतात, पण कमेंटमध्ये शब्द नसतात. असले तरी ते मावशीचे आणि वहिनीचेच असतात.
- "किंमत?" असं विचारून माणूस गायब होतो.
- ब्रॉडकास्ट (एकच मेसेज एकदम अनेकांना) पाठवला की बऱ्याच जणांपुढे एकच टिक दिसते, म्हणजे तो पोचलेलाच नसतो.
- प्रदर्शनात स्टॉलवर झुंबड असते, नंतर त्यातलं कुणीच परत मागवत नाही.
- एखादी रील तुफान चालते, फॉलोअर वाढतात, पण तुम्ही जिथे माल पोचवता तिथलं त्यात कुणीच नसतं.
- "तुम्हाला मेसेज केला होता, उत्तरच आलं नाही," असं कुणीतरी समोर भेटल्यावर सांगतं.

शेवटचं लक्षण एकदाही दिसलं असेल तर पहिल्या तपासणीवरच तुमचं निम्मं काम होईल.

सुरुवात कागद-पेनानं

काहीही बदलण्याआधी मागच्या वीस चौकश्या उघडा. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडच्या. प्रत्येकीपुढे दोनच गोष्टी लिहा: शेवटचा मेसेज कुणाचा होता आणि तो काय होता. शेवटचा मेसेज ग्राहकाचा असेल तर उत्तर तुमच्याकडून राहिलं. शेवटचा तुमचा असेल तर त्यात ग्राहकाला पुढे काय बोलायचं ते कळण्यासारखं काही होतं का, हे बघा. या एका कागदावरून बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते समजतं. हे न करता लोक नवीन लोगो करून घेतात आणि सहा महिन्यांनी तिथेच उभे असतात.

पहिली तपासणी: मेसेज येऊन कुठे पडलाय?

इन्स्टाग्रामवर जो माणूस तुम्हाला अनोळखी असतो त्याचा मेसेज थेट इनबॉक्समध्ये येत नाही, रिक्वेस्टमध्ये जातो. रिक्वेस्टच्या आतही लपवलेल्या रिक्वेस्टचा आणखी एक कप्पा असतो. इन्स्टाग्रामला जे संशयास्पद वाटतं ते तिथे जातं आणि त्याची सूचना फोनवर येत नाही. नवा ग्राहक म्हणजे व्याख्येनंच अनोळखी माणूस, म्हणजे तुम्हाला जो हवाय तोच इथे अडकतो. दोन्ही कप्पे उघडून तळापर्यंत बघा. मग सेटिंगमध्ये जाऊन इतरांच्या मेसेज रिक्वेस्ट स्वीकारणं चालू आहे ना, तेही बघा. कधीतरी त्रास झाला म्हणून घरच्या कुणीतरी ते बंद केलेलं असतं आणि सगळे विसरलेले असतात. फेसबुक पेज असेल तर मेटा बिझनेस सूटच्या (पेज सांभाळायचं फेसबुकच्याच कंपनीचं अ‍ॅप) इनबॉक्समधला स्पॅमचा कप्पाही बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन जागा तपासायच्या. एक, अर्काइव्ह केलेले चॅट. त्यातलं चॅट नवा मेसेज आला तरी वर येत नाही, कारण तशी सेटिंग आधीपासून चालू असते. दोन, लिंक्ड डिव्हाइसेस. दुकानातल्या लॅपटॉपवर मुलानं मेसेज उघडला की तुमच्या फोनवरचा न वाचलेल्याचा हिरवा आकडा जातो. त्याला वाटतं आई बघेल, आईला वाटतं नवीन काही आलंच नाही. यात ग्राहक वाट बघून दुसरीकडे जातो. उत्तर कुणी द्यायचं हे घरात ठरवून टाका. ज्यानं उघडलं आणि उत्तर दिलं नाही, त्यानं चॅट पुन्हा 'न वाचलेलं' करून ठेवायचं, एवढा एक नियम पुरतो.

दुसरी तपासणी: दार उघडतंय का?

तुमच्या प्रोफाइलवरची लिंक दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघा. शेजारणीचा फोन घ्या. स्वतःच्या फोनवर सगळं चालतंच.

व्हॉट्सअ‍ॅपची छोटी लिंक 'डब्ल्यूए डॉट एमई', मग स्लॅश, मग ९१ आणि दहा आकडी नंबर अशी असते. मध्ये अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मोकळी जागा नको, डॅश नको. यातली एक चूक असली की लिंक नीट उघडत नाही आणि ग्राहक तुम्हाला ते कळवायला थांबत नाही. तयार छोटी लिंक आणि तिचा क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप स्वतः करून देतं, तिथूनच घ्या.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक दाबली जात नाही. ती प्रोफाइलमध्ये ठेवावी लागते किंवा स्टोरीवर स्टिकर लावून द्यावी लागते. पोस्टरच्या चित्रात कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला नंबर साठीच्या काकांना दिसतही नाही. नंबर कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींत लिहा, म्हणजे 'आणखी' न दाबता वाचता येतो.

तिसरी तपासणी: तुमचा नंबर त्यांच्याकडे आहे का?

ब्रॉडकास्टला एकच टिक दिसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हे आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण घेता येतात, पण ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यालाच तो मेसेज मिळतो. बाकीच्यांपर्यंत तो जातच नाही. स्टेटसचंही तसंच, दोघांकडे एकमेकांचा नंबर असावा लागतो. म्हणजे तुम्ही वहीतून दोनशे नंबर चढवले तरी प्रत्यक्षात चाळीस जणांशी बोलत असाल. पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून ठेवून माहिती उघडा, कुणाला पोचला ते नावानिशी दिसेल.

हा नियम मला योग्यच वाटतो. नाहीतर प्रत्येक फोन जाहिरातींनी भरला असता. त्यावर उपाय म्हणजे नंबर साठवायला लोकांना खरं कारण देणं. "आमचा नंबर सेव्ह करा" म्हटलं तर कुणी करत नाही. "मार्चअखेरीस पहिली पेटी निघाली की तुम्हाला आधी कळवेन, त्यासाठी हा नंबर सेव्ह करून ठेवा" म्हटलं की करतात. हे सांगायची वेळ ऑर्डर हातात पडल्यानंतरची, माणूस खूश असतो तेव्हाची.

प्रदर्शनवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. पुण्याची भीमथडी जत्रा असो की मुंबईचं महालक्ष्मी सरस, स्टॉलवर लोक चव घेतात, पिशवी भरतात आणि निघून जातात. तुम्ही व्हिजिटिंग कार्ड देता, ते पर्समध्ये जिरतं. त्याऐवजी टेबलावर क्यूआर कोड उभा करा आणि पैसे देताना म्हणा, "ताई, इथे स्कॅन करून फक्त तुमचं नाव पाठवा, मी लगेच आमची यादी पाठवते." पहिला मेसेज तिच्याकडून आला की चॅट तिच्या यादीत राहतं, तुमचं उत्तर अनोळखी वाटत नाही आणि सहा महिन्यांनी चटणी संपल्यावर तिला शोधता येतं. रात्री घरी गेल्यावर त्या सगळ्यांना एक ओळ पाठवा आणि कुणी काय घेतलं ते लेबलमध्ये (चॅटला लावायची खूण) किंवा नावापुढे लिहून ठेवा. "अर्चना, जवस चटणी, सरस" असं नाव फोनमध्ये असलं की पुढचं बोलणं आपोआप चांगलं होतं.

ग्रुपबद्दल थोडक्यात. न विचारता कुणालाही ग्रुपमध्ये घालू नका. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि बायकांना त्यातून नको ते मेसेज येतात. त्यापेक्षा कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप बरा, तिथे सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप चॅनलवर नंबर लपलेला असतो, पण तिथे ग्राहक उलट लिहू शकत नाही. कळवण्यासाठी चॅनल ठीक, बोलण्यासाठी निरुपयोगी.

चौथी तपासणी: "किंमत?" या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता?

सर्वांत जास्त ऑर्डरी इथे हातच्या जातात, म्हणून इथे जरा थांबू.

मसाल्याच्या पोस्टखाली कमेंट येते: "काळा मसाला आहे का? भाव?" उत्तर जातं: "डीएम केलं आहे ताई, चेक करा." डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये, काय असतं? आधी "आमच्याकडे शुद्ध, सात्त्विक, घरगुती पद्धतीनं बनवलेले" वगैरे चार ओळी, मग अठरा वस्तूंचं दरपत्रक चित्राच्या रूपात. आता त्या बाईच्या जागी बसा. तिनं एक प्रश्न विचारला होता. तिला पोस्ट सोडून इनबॉक्स उघडावा लागला, चित्र दोन बोटांनी मोठं करावं लागलं आणि अठरा ओळींतून काळा मसाला शोधावा लागला. शोधल्यावर पुढे काय लिहायचं हेही तिला सुचत नाही. ती नंतर बघू म्हणते आणि ते 'नंतर' कधी येत नाही.

हेच उत्तर असं देऊन बघा, तिथेच, कमेंटखाली:

"हो, आहे. पाव किलो १८०, अर्धा किलो ३५०. तिखट मध्यम, आमटी-भाजी दोन्हीला चालतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पार्सल निघतं. कुठे पाठवायचा?"

दर फक्त उदाहरणादाखल आहेत, पण बांधणी बघा. विचारलेल्याचं उत्तर सर्वांत आधी. मग ती पुढे जे विचारणारच होती ते, म्हणजे तिखटपणा. मग माल कधी मिळेल. आणि शेवटी असा प्रश्न ज्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. ती "कोथरूड" लिहिते आणि बोलणं चालू राहतं. शिवाय उघड लिहिलेला भाव न विचारणाऱ्यांनीही वाचलेला असतो. कमेंट करणारी एक असते, वाचून गप्प बसणाऱ्या पुष्कळ.

"भाव उघड लिहिला तर बाजूची बघेल," अशी भीती मला नेहमी ऐकायला मिळते. बाजूचीला हवा असेल तर ती भावजयीच्या फोनवरून मिनिटभरात विचारून घेईल. लपवलेल्या भावामुळे अडतो तो फक्त ग्राहक.

"महाग आहे हो" असं उत्तर आलं तर लगेच सूट देऊ नका आणि वादही घालू नका. काय घातलंय ते सांगा: ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी, डंकावर कुटलेला, पीठ-मीठ भर म्हणून नाही. आणि १०० ग्रॅमचं पाकीट आहे म्हणून सांगा. ज्याला खरंच घ्यायचंय त्याला लहान पाऊल हवं असतं.

उत्तराच्या वेळेबद्दल. सगळ्यांना पाच मिनिटांत उत्तर देणं एकट्या माणसाला शक्य नाही आणि ते गरजेचंही नाही. गरज आहे ती कधी उत्तर मिळेल हे कळण्याची. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये स्वागताचा मेसेज लावता येतो. तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस काहीच बोलणं झालं नसेल तर पुन्हा, आपोआप जातो. तिथे "आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद, लवकरच उत्तर देऊ" असं लिहिलेलं बहुतेक ठिकाणी दिसतं. त्यातून काहीच कळत नाही. असं लिहा: "नमस्कार, मी ५ पर्यंत पॅकिंगमध्ये असते, संध्याकाळी ५ ते ८ सगळ्यांना उत्तर देते. काय हवंय आणि कुठे पाठवायचंय ते लिहून ठेवा." आणि मग ५ ते ८ खरंच बसा. परदेशातून ऑर्डर येत असतील तर सकाळचा अर्धा तासही ठेवा. न्यू जर्सीतली मुलगी सांगलीतल्या आईसाठी फराळ मागवते तेव्हा तिची रात्र असते आणि आपली सकाळ.

तेच तेच टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून उत्तरं तुटक होतात. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय, म्हणजे आधी लिहून ठेवलेली उत्तरं आहेत. ५० पर्यंत साठवता येतात, चॅटमध्ये तिरकी रेघ दाबली की यादी उघडते. पण पाठवण्याआधी त्यात माणसाचं नाव आणि त्यानं विचारलेली वस्तू हातानं घाला. छापील उत्तर लोकांना लगेच ओळखू येतं.

भाषा ज्याची त्याला. मराठीत विचारलेल्याला "थँक्यू डिअर, काइंडली चेक" असं उत्तर देऊन जवळीक कशी वाढणार? आणि अनोळखी बाईला पहिल्याच मेसेजला "काकू" म्हणू नका, फोटोवरून वय ठरवणं अंगलट येतं. "तुम्ही" पुरेसं आहे, फार तर नावापुढे ताई. आवाजी मेसेज वडीलधाऱ्यांना आवडतात, जरूर पाठवा. पण भाव, वजन आणि पत्ता लेखीच असू द्या, नंतर शोधायला बरं पडतं आणि वाद होत नाही.

गप्प झालेल्याला दोन दिवसांनी एकदाच विचारा, तेही त्याच्या उपयोगाचं काही घेऊन: "उद्याच्या पार्सलमध्ये तुमचा पाव किलो ठेवू का?" उत्तर नाही आलं तर विषय सोडा. रोज टोकलं की लोक ब्लॉक करतात, काही तक्रार नोंदवतात आणि अशा तक्रारी वाढल्या की नंबर बंद होण्यापर्यंत वेळ येते.

पाचवी तपासणी: पोस्टवर बोलण्यासारखं काही असतं का?

वरचं सगळं ठीक आहे आणि तरी चौकशीच येत नाही, तर आता मजकुराकडे वळा. 'ऑर्डरसाठी संपर्क करा' याला काय उत्तर देणार? 'कसा वाटला आमचा मसाला?' याला फक्त 'छान'.

ज्याचं उत्तर माणसाकडे स्वतःच्या घरातून तयार आहे तो प्रश्न चालतो. मार्च-एप्रिलमध्ये मसालेवालीनं विचारावं, "तुमच्या घरी वर्षाचा मसाला कुठला करतात? कांदा-लसूण, गोडा, मालवणी, आगरी, की काळा?" लोक आजीचं प्रमाण लिहितात. कुणी म्हणतं दगडफूल हवंच, कुणी म्हणतं आमच्यात नागकेशर घालतात. सातारची बाई अलिबागच्या बाईला उत्तर देते. आता तुमचं काम सुरू होतं: प्रत्येक कमेंटला त्यातलाच एक शब्द पकडून पुढचा प्रश्न. "दगडफूल भाजून घालता की तसंच?" नुसतं नमस्काराचं चिन्ह टाकलं तर बोलणं तिथेच संपतं. आणि पुढच्या आठवड्याची पोस्ट त्याच कमेंटमधून काढा: "मागच्या वेळी अलिबागच्या ताईंनी सांगितलं तसं दगडफूल भाजून बघितलं, हा फरक." आपलं म्हणणं कुणीतरी करून बघितलं याचा आनंद मोठा असतो, अशी माणसं स्वतःहून चार जणांना सांगतात.

हे इन्स्टाग्रामच्या कामाच्या पद्धतीतही बसतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की, पोस्ट किती वेळ बघितली जाते, बघणाऱ्यांच्या मानानं लाइक किती येतात आणि ती किती जण दुसऱ्याला पाठवतात, या तीन गोष्टींना जास्त वजन आहे. तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायला तिसरी विशेष महत्त्वाची. म्हणून टाकण्याआधी स्वतःला विचारा: ही पोस्ट कोण कुणाला पाठवेल? मुलगी आईला पाठवेल अशी असेल तर टाका.

"तीन मैत्रिणींना टॅग करा आणि जिंका" हे मात्र सोडून द्या. असे लाइक-टॅग-शेअर मागणारे मजकूर खाली ढकलायला फेसबुकनं डिसेंबर २०१७ पासूनच सुरुवात केली आहे. आणि बक्षिसासाठी आलेला माणूस बक्षीस संपलं की जातो.

सहावी तपासणी: समोर माणसं योग्य आहेत का?

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधून खातं प्रोफेशनल (व्यवसायाचं) करा, फुकट होतं. शंभराच्या वर फॉलोअर झाले की इनसाइट्समध्ये (खात्याची आकडेवारी) ते कुठल्या शहरांतले आहेत ते दिसतं. तुम्ही नाशिकमध्ये केक पोचवता आणि पहिल्या पाच शहरांत नाशिक नाही, तर कितीही गोड बोला, केक कुणाला विकणार? असं सहसा चालत्या गाण्यावरच्या रीलमुळे किंवा 'मला फॉलो कर, मी तुला करते' अशा ग्रुपांमुळे होतं. पोस्टवर ठिकाण (लोकेशन) टाका, कॅप्शनमध्ये वस्तीचं नाव लिहा (गंगापूर रोड, इंदिरानगर), आणि तुमच्या भागातल्या लोकांच्या पोस्टवर जाऊन तुम्ही बोला. जाहिरात चिकटवायला जाऊ नका. कुणी विचारलंय की बिनअंड्याचा केक का बसतो, तर तुम्हाला येतंय ते सांगा. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं हे केलं की जवळपासची माणसं प्रोफाइलवर यायला लागतात. विकत घेतलेले फॉलोअर असतील तर ते काढा, आकडा कमी झालेला चालेल.

सातवी तपासणी: खात्यावरच बंधन आलंय का?

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट स्टेटस' आहे. तुमचा मजकूर नव्या लोकांना सुचवला जातोय की नाही, काही काढून टाकलंय का, ते तिथे लिहिलेलं असतं. बिझनेस खात्याला सगळी सिनेगाणी वापरता येत नाहीत, दुसऱ्याचे हक्क असलेलं गाणं लावलं तर रीलचा आवाज बंद होऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपची नकली, जास्तीच्या सोयीवाली अ‍ॅप आणि हजारो मेसेज एकदम पाठवणारी सॉफ्टवेअर आजच काढून टाका. त्यांच्यामुळे नंबर बंद पडतो आणि कित्येक वर्षं जोडलेली माणसं एका दिवसात हातची जातात.

जाहिरात सगळ्यात शेवटी

पाट मध्येच फुटलेला असताना मोटर जास्त वेळ चालवली तरी शेवटचा वाफा कोरडाच राहतो. जाहिरातीनं जास्त माणसं येतील आणि तुमचं बोलणं जिथे तुटतंय तिथेच तीही सांडतील. आपसूक येणाऱ्या चौकश्यांतून नियमित ऑर्डरी व्हायला लागल्या की मग थोडक्या पैशांत, फक्त तुमच्या गावापुरती, थेट व्हॉट्सअ‍ॅपवर आणणारी जाहिरात लावून बघा.

इथे थांबा आणि मदत घ्या

खातं हॅक झालं असेल, तुम्ही न टाकलेल्या पोस्ट दिसत असतील, किंवा कुणीतरी तुमच्या नावानं पैसे मागत असेल तर स्वतः खटपट करत बसू नका. आधी दुसऱ्या मार्गानं ग्राहकांना कळवा की पैसे पाठवू नका. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. 'खातं परत मिळवून देतो' म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. व्हॉट्सअ‍ॅपनं नंबर बंद केला असेल तर अ‍ॅपमधूनच फेरतपासणीची विनंती करा.

मेसेजमधून छळ होत असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा आणि पोलिसांकडे जा. उत्तर देऊन समजावण्यात वेळ घालवू नका.

खाण्याच्या मालाबद्दल 'खाऊन त्रास झाला' अशी तक्रार आली तर कमेंटमध्ये बाजू मांडू नका आणि कमेंट काढूही नका. "आत्ताच फोन करते" एवढं लिहून खरंच फोन करा, त्या बॅचची विक्री थांबवा आणि तुमचं एफएसएसएआयचं (अन्नपदार्थांच्या परवान्याचं) काम बघणाऱ्या सल्लागाराला सांगा.

रोजच्या चौकश्या दोन माणसांच्याही हातात मावेनाशा झाल्या तर व्हॉट्सअ‍ॅपच्या एपीआयकडे (सॉफ्टवेअर जोडून अनेकांनी एकाच नंबरवरून उत्तरं द्यायची सोय) जायची वेळ आली. ते स्वतः जुळवायचं काम नाही. त्यात ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच मोकळेपणानं लिहिता येतं, नंतर फक्त मंजूर साचे पाठवता येतात आणि त्याचे पैसे पडतात. जाणकार माणूस घ्या. पण पेज, जाहिरातीचं खातं आणि नंबर तुमच्याच नावावर ठेवा. त्याला पासवर्ड देऊ नका, मेटा बिझनेस सूटमधून कामापुरती परवानगी द्या, काम संपलं की ती काढून घेता येते.

आणि सातही तपासण्या झाल्या, बोलणं नीट चालतंय, पहिली ऑर्डर येतेय, पण दुसऱ्यांदा कुणी मागवत नाही, तर सोशल मीडियाच्या माणसाकडे जाऊ नका. पाच जुन्या ग्राहकांना फोन करा आणि माल कसा होता ते विचारा.